पाऊण तासात परुळे

आज सकाळी भाच्यानं फॅमिली ग्रुपवर विमानाचं अंतर-वेळ सांगणाऱ्या एका साइटचा स्क्रीनशॉट टाकला. नवी मुंबई ते सिंधुदुर्ग, सव्वातीनशेच्या वर किलोमीटर, उड्डाण पाऊण तास. खाली त्याची टिप्पणी: "आते, आता आरतीला ये नि रात्री झोपूक घोडबंदरला!" त्यावर सगळ्यांचे अंगठे.

अरे, पण त्या वाटेवर विमान आहे का? त्या साइटला ते माहीतच नसतं. कुठलेही दोन विमानतळ टाका, नकाशावर दोरी ताणल्यासारखं अंतर काढते, मोठ्या जेटच्या वेगानं भागते, चढा-उतरायची काही मिनिटं वर टाकते. झालं! चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचं विमानतळ, ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झालं तेव्हा येत होतं ते पंख्यांचं छोटं एटीआर विमान. ताशी पाचशेच्या आसपास. तिकिटावरच सव्वा तासाच्या वर लिहिलेलं. आणि सरकारच्या उडान योजनेची ती अडीच हजारांची भाडेमर्यादा अर्ध्याच सीटांना. उरलेल्या अर्ध्यांत नेहमी आपण.

पुढच्याच श्रावणात चिपीजवळच्या परुळ्याची मावशी पडवीत घसरली, हात मोडला. मुलगा जहाजावर, घरात ती आणि शाळकरी नातू. मी ऐटीत फोन केला, "विमानानं येते, दुपारी जेवायला आहे." सकाळी आठला घोडबंदरच्या कासारवडवलीहून निघाले. माजिवड्यालाच तास गेला. मग मुंबई विमानतळाच्या गेटवर तीन तास. मग घोषणा: खराब हवामान, विमान रद्द. ट्रॉलीवरची बॅग उचलून पुन्हा ठाणे, रात्रीची कोकणकन्या, जनरलचा डबा, चिपळूणपर्यंत एका पायावर. दुसऱ्या दिवशी अकराला परुळे.

सत्तावीस तास. हे कुठली साइट दाखवते?

मान्य, आजारी माणसाला मुंबईत आणायचं तर विमान देवासारखं. उडालं तर. आणि नवी मुंबईतल्या उलव्याच्या नव्या विमानतळाचंही मला कौतुक आहे, २५ डिसेंबर २०२५ला पहिली विमानं उडाली तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं. पण कासारवडवलीहून उलव्याला जायचं म्हणजे आधी ठाणं पार करा, मग ऐरोली, मग अख्खी नवी मुंबई. तो वेळ पाऊण तासात धरलाय का कोणी? (मुंबई-गोवा महामार्गाचं बोलतच नाही. २०११पासून चौपदरी होतोय, होऊ दे.)

चिडचिड झाली की मला मावशीचं अंगण आठवतं. तिथून उतरणारं विमान दिसतं. मी पोचले तेव्हा ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "काय गो, दिसभर वर बघीत रवलंय, इमान काय इलाच नाय." माझं ताट आदल्या दुपारपासून झाकून ठेवलेलं. वालीची उसळ आंबली होती, तरी तिनं टाकू दिली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर कुडाळ स्टेशनवर त्या सकाळी भर पावसात मामाच्या स्कूटरवर मागे बसून मला न्यायला आलेला शाळकरी नातू म्हणजे हाच, स्क्रीनशॉटवाला. त्याच्यावर काय ओरडायचं! मी यावं एवढंच म्हणतोय तो. ग्रुपवर जरा जास्तच बोलले मघाशी.

बाळा, तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. वेटिंग ४१. मावशीला सांग, वर बघू नको.