‘जरा बसवून ठेव’ म्हणजे नक्की काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांनी पोलिसात काम करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि कडक लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. मिरवणुकीच्या आवाजात असा माणूस टिकणार नाही. नजरेला नजर न देणारा आरोपीचं खोटं ओळखणार नाही. आणि कायद्यानेच पोलिसांना दिव्यांग आरक्षणातून वगळलंय, मग चर्चा कशाला? खात्यात हयात घालवलेल्या माणसाचे हे प्रश्न आहेत, तेव्हा एकेक घेतो.

आवाजाचं म्हणणं निम्मं मान्य. अनंत चतुर्दशीला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आदळून आवाज परत येतो, वर लेसरचे झोत. ज्याच्या मेंदूला आवाज चाळता येत नाही, त्याला वायरलेसचा कॉल आणि डीजे यांतून एक वेगळा काढता येत नाही. मी लेखात ‘इअरप्लग वापरावेत’ एवढंच लिहिलं होतं, ते अपुरं होतं. फोमचे बोळे बोलणंही खातात. कॉल सुटतो, वरून बोलणी बसतात आणि माणूस बोळे काढून टाकतो. वादक वापरतात ते फिल्टरवाले प्लग आवाज पंधरा-वीस डेसिबलने उतरवतात, पण बोलणं कळतं. एका कानात तो, दुसऱ्यात वायरलेसचा इअरपीस, आणि ही जोडी आदल्या दिवशी परेड ग्राउंडवर लावून बघायची.

खरी अडचण पहिल्या तासात दिसतच नाही. ताण साठत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला तोच कॉल दोनदा द्यावा लागतो, उत्तर उशिरा येतं. तहान, थकवा, डोकं भणभणणं हे त्या माणसाच्या स्वतःच्या लक्षात बऱ्याचदा उशिरा येतं. म्हणून ‘त्रास झाला तर सांग’ ही व्यवस्था फसते. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं गाडीत, दार लावून. ही सुट्टी आधी ठरलेली हवी, मागावी लागता कामा नये. एवढं करूनही काहींना मिरवणूक झेपणार नाही. त्यांना त्या रात्री सीसीटीव्ही कक्षात द्या. तिथेही माणूस लागतोच.

पण माझ्या मते आवाजापेक्षा मोठा खड्डा तोंडी आदेशाचा आहे, आणि त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ‘त्या पार्टीला (म्हणजे ठाण्यात आलेल्या माणसाला) जरा बसवून ठेव’ हे वाक्य ठाण्यात रोज बोललं जातं. अनुभवी अंमलदार त्याचा अर्थ प्रसंग पाहून लावतो. स्वमग्न अंमलदार शब्दशः घेईल आणि समोरचा उठून निघाला तर त्याला अडवेल. आता तो माणूस जबाबाला आलेला साक्षीदार असेल, तर अटक न करता अडवून ठेवणं ही बेकायदा अडवणूक झाली, आणि स्टेशन डायरीत नोंदही नाही. चूक कोणाची? आदेश असा हवा: ‘हे साक्षीदार आहेत, साडेपाचला जबाब, जायचं म्हणाले तर मला फोन कर, अडवू नकोस.’ बोलायला दहा सेकंद जास्त लागतात. बंदोबस्तात पोस्ट बदलतानाही तसंच: नवी जागा, किती वाजेपर्यंत, रिपोर्ट कोणाला. ‘तिकडे बघ जरा’ यात तिन्ही नाहीत.

नजरेचा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. नजर चुकवणारा खोटं बोलतो, ही समजूत पोलिसांत खोल रुजली आहे, पण खोटं ओळखायची ती भरवशाची खूण नाही. भेदरलेली फिर्यादी बाई नजर चुकवते, सराईत चोर रोखून बघतो. खोटं सापडतं ते वेळा जुळवताना: जबाबातली वेळ, सीडीआरमधला (मोबाइल कॉलच्या नोंदींतला) टॉवर, दुकानाचा कॅमेरा. इथे नेहमी चुकतं ते कॅमेऱ्याचं घड्याळ. ते सात मिनिटं पुढे असेल तर तो फरक पंचनाम्यातच लिहावा लागतो, नाहीतर उलटतपासणीत सगळं फुटेज ढासळतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावं लागतं. जप्त केलेला फोन कुणी ‘सहज’ उघडून पाहिला तर आतला डेटा बदलतो आणि तपासात त्यावर बोट ठेवलं जातं. नियम का आहे हे एकदा कळलं की तो न मोडणारा माणूस अशा जागी सोन्यासारखा.

तरी प्रत्येक स्वमग्न माणसाला मुद्देमालाच्या खोलीत बसवा, असं मी म्हणत नाही. काहींना रजिस्टरांचा कंटाळा असतो आणि एखाद्या घाबरलेल्या मुलाशी ते फार शांतपणे, सरळ बोलतात. काम माणूस बघून द्यावं, निदान बघून नव्हे.

आता कायदा. १८ ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनांनी भारतीय पोलीस सेवा आणि केंद्रीय सशस्त्र दलांतली लढाऊ पदं वगळली, हे खरं. पण आरक्षण नसणं म्हणजे दार बंद असणं नव्हे. आपल्याकडे शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५, मग १०० गुणांची लेखी. हे पार करून आलेले आणि वयाच्या पस्तिशी-चाळिशीत, बहुधा स्वतःच्या मुलाचं निदान होताना स्वतःबद्दल कळलेले लोक खात्यात आधीच असू शकतात. माझा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी होता.

त्यांच्या उपयोगाचं आरक्षणाचं कलम ३४ नाही, २०१६ च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(२) आहे: सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात. त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती अट आरक्षणासाठी आहे. दिव्यांग प्रमाणपत्र लागलंच तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) जाताना आई-वडिलांपैकी कोणी आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्यावीत. तिथल्या ऑटिझमच्या मापनपट्टीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकी १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. वर्षानुवर्षं लक्षणं झाकायला शिकलेला प्रौढ एकट्याच्या उत्तरांवर कमी गुणांत अडकतो.

अर्जात ‘मला समजून घ्यावं’ असं लिहू नये, त्यावर कोणी शेरा मारू शकत नाही. ‘ड्युटीबदल लेखी किंवा मेसेजवर मिळावा’, ‘बंदोबस्तात दर दोन तासांनी पंधरा मिनिटं’ असं मोजता येणारं मागावं. दाद लागली नाही तर कलम २३ चा तक्रार निवारण अधिकारी आहे. नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी.

अशा अंमलदाराच्या हाती हत्यार द्यावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. ती तपासणी प्रत्येकाची स्वतंत्र व्हावी, निदान असलेल्याची आणि नसलेल्याचीही. नुसत्या ‘ऑटिझम’ शब्दावरून हत्यार देऊही नये आणि काढूनही घेऊ नये.

एक विनंती. बंदोबस्ताच्या चिठ्ठीत पोस्ट, वेळ, वरिष्ठाचं नाव, सुट्टीची वेळ आणि पर्यायी जागा असावी, असं मी सुचवतोय. तुम्ही अशा शेकडो चिठ्ठ्या काढल्या असतील. यात काय राहिलंय ते कळवा, मूळ लेखात दुरुस्ती करतो.