सरासरीत बसवलेला दुष्काळ

दुष्काळ मोजण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर सर्वप्रथम शेतात जाण्याचा मोह आवरावा. शेतात गेले की शेतकरी भेटतो आणि पाऊस कधी पडला ते सांगत बसतो. आपल्याला हवे असते ते केवळ किती पडला एवढेच.

त्यासाठी 1993 साली मांडला गेलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक वापरावा, म्हणजे नेहमीच्या मानाने पाऊस किती कमी-जास्त पडला ते सांगणारा आकडा; शून्य म्हणजे नेहमीसारखा, उणे म्हणजे कमी. जागतिक हवामान संघटनेने त्याची शिफारस केलेली आहे, शिवाय त्याला पावसाच्या नोंदींखेरीज काहीही लागत नाही, त्यामुळे जमीन, पीक आणि माणूस या तिन्ही कटकटी परस्पर मिटतात. उन्हाने उडून जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब धरणारा एक निर्देशांक 2010 साली आला, पण असल्या चोखंदळपणाच्या नादी लागू नये. आपल्या निर्देशांकाचा आकडा उणे 1 पर्यंत उतरला तर कोरडेपणा मध्यम, उणे 1.5 ला तीव्र आणि उणे 2 ला अतितीव्र. उणे 0.99 ला मात्र परिस्थिती सामान्याच्या जवळपास असते, आणि तसे ठामपणे कळवावे.

खरे कसब आहे ते मुदत निवडण्यात. हा निर्देशांक एका महिन्यासाठी काढता येतो, तसाच बारा महिन्यांसाठीही. मका फुलोऱ्यात असताना पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली, तर पुढे कणीस सोलल्यावर त्याचा शेंडा बोडका निघतो आणि मध्येही दाणे तुटक भरलेले दिसतात. कापणीच्या तोंडावर कोसळलेला पाऊस ते दाणे परत आणून देत नाही. अशा वेळी बारा महिन्यांची मुदत घ्यावी, म्हणजे हवा तेव्हा न पडलेला आणि नको तेव्हा पडलेला पाऊस एकमेकांची भरपाई करतात. उपग्रहावरून हिरवेपणा मोजण्याची सूचना आल्यास तीही आनंदाने स्वीकारावी, कारण माजलेले तणसुद्धा वरून हिरवेच दिसते.

इतके करूनही दुष्काळ उरलाच, तर धीर धरावा. जागतिक हवामान संघटनेच्या रीतीने सर्वसाधारण पाऊस म्हणजे तीस वर्षांची सरासरी, आणि ती दर दहा वर्षांनी नव्याने काढण्याची पद्धत आहे. सध्या 1991 ते 2020 ही वर्षे धरतात. कोरडी वर्षे वाढत गेली की तीही याच सरासरीत शिरतात, आणि आज ज्याला तूट म्हणावे लागते तेच उद्या सर्वसाधारण ठरते. दुष्काळ हटवण्याचा याहून स्वस्त उपाय निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

परिणामांची माहिती कोणी मागितलीच, तर उत्पादनातील घट लिहावी, तीही सुगी आटोपल्यावर. तोवर बियाण्यासाठी राखलेले धान्य पोटात गेलेले असते, सगळेच एकदम विकायला निघाल्याने दुभते जनावर मातीमोल भावाने गेलेले असते, पाणी आणण्यापायी थोरल्या मुलीची शाळा सुटलेली असते, आणि यांपैकी काहीही मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. पुढच्या हंगामात पाऊस बरा झाला की निर्देशांक शून्याच्या वर येईल. त्याच दिवशी फाइल बंद करावी. सावकाराच्या वहीतला आकडा शून्यावर यायला आणखी काही वर्षे लागतील, परंतु ती वही आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.