साक्षीदाराला चिरडू नका

रात्री दोन वाजता लॉजच्या गादीवर ढेकूण दिसला की मराठी माणसाचा अंगठा आपोआप खाली जातो. पिढ्यान् पिढ्यांची सवय. माझं म्हणणं एवढंच, की तो अंगठा आवरा. ढेकूण चिरडलात की तुमचा एकमेव साक्षीदार गेला. मागे उरतो चादरीवरचा लाल डाग, आणि सकाळी त्याची धुलाई तुमच्याच बिलात लागते.

लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या धास्तीने, असं एक सुभाषित आहे. आपल्याला महाबळेश्वरची खोली मिळालेली असते. तेव्हा आत शिरल्यावर बॅग पलंगावर आपटू नका, न्हाणीघरातल्या कोरड्या फरशीवर ठेवा. मग गादीचे चारही कोपरे उचला आणि मोबाईलचा उजेड तिरका धरून शिवणीच्या घडीत बघा. उशाकडच्या फळीची मागची बाजू, स्क्रूची भोकं, पलंगाचे सांधे, हे त्यांचे वाडे. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी, चपटा. थेट जवसाचा दाणा. अंडी पांढरी, मिलिमीटरभर. पण आधी दिसतात ते शाईसारखे काळे ठिपके. ओल्या कापसाने पुसा. तांबूस फरफटला तर ती विष्ठा, म्हणजे तुमच्या आधीच्या पाहुण्याचं रक्त.

सापडला तर पारदर्शक चिकटपट्टी त्याच्यावर दाबा किंवा सॅनिटायझरच्या छोट्या बाटलीत टाका. फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं असू द्या, आणि व्हिडिओ दारावरच्या खोली क्रमांकापासून गादीपर्यंत न थांबता घ्या. तुकड्यातुकड्यांचा असला की "हा आमचा पलंगच नाही" असं ऐकावं लागतं.

आता खाली मॅनेजर. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, डास असतील." दुसरं: "तुमच्याच बॅगेतून आले असतील." तिसरं सगळ्यांत धूर्त: "मग मॅडमना कसं काही नाही?" याला उत्तर आहे. एकाच गादीवर दोघांना चावे बसले तरी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याची त्वचा ढिम्म राहते. काहींना तर खाज कित्येक दिवसांनी सुटते. मग तो पोऱ्याला फवारा घेऊन पाठवतो. फवाऱ्याला अंडी बहुधा दाद देत नाहीत, आणि नेहमीच्या औषधांना मोठे ढेकूणही आताशा सरावले आहेत. खोली बदलून मागा, पण शेजारची, वरची वा खालची नको. भिंतीतल्या वायरींच्या वाटेने ते तुमच्याआधी पोचलेले असू शकतात.

तक्रार लेखी द्या आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्या. इथेच बहुतेक जण भिडेखातर गडबडतात, चहा पिऊन निघून येतात. पावती पक्कीच घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं, धुलाईचा खर्च जपून ठेवा. हॉटेलने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे ढेकूण गोव्याचा असला तरी खटला सोलापुरात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षं. खोली ॲपवरून घेतली असेल तर ॲपवाल्यांनाही सामनेवाले करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. मागणीत भाडं, औषधं, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा मांडा. पाच लाखांचा मानसिक त्रास मागू नका, आयोगालाही हसू येतं.

घरी आल्यावर कपडे दारातच उतरवा आणि साठ अंशांच्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे अठराला, मटारांशेजारी. बॅग उन्हात टाकण्यावर विसंबू नका. ढेकूण सावलीची घडी शोधून बसतो.

आणि साक्षीदाराच्या बाटलीवर नाव, तारीख, खोली क्रमांक ठळक लिहा, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. निकालाला वेळ लागतो, आणि घरात जवसाची चटणी करणारं कुणी ना कुणी असतंच.