उरलेल्या गोळ्या पाठवू नका

आपल्या मंडळाच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय. युद्धात सापडलेल्या खेड्यांत जे फिरते दवाखाने चालतात, त्यांच्यासाठी घरातल्या उरलेल्या गोळ्या, सिरप, मलमं आणून द्या म्हणे. माझं दुकान दवाबाजारात, म्हणून जमा करायचं काम न विचारता माझ्या गळ्यात. ज्यांनी हे सुरू केलं त्यांची कळकळ खरी आहे. पण मी हे करणार नाही, आणि फोनवर सांगितलं की दुकानदार कटकट टाळतोय असं वाटतं, म्हणून लिहितोय.

पहिल्याच पिशवीत बीपीच्या गोळ्यांच्या अर्ध्या स्ट्रिपा निघाल्या. कात्री अशी चाललेली की बॅच नंबर आणि एक्सपायरीचा तुकडा नेमका गायब. सील तोडलेलं कफ सिरप, अर्धे वापरलेले डोळ्यांचे थेंब, वर कंपनीच्या एमआरने (औषधांची जाहिरात करणाऱ्या प्रतिनिधीने) डॉक्टरांना फुकट वाटलेली सॅम्पल्स. यातलं काहीही मी इथे काउंटरवरून विकलं तर ड्रग इन्स्पेक्टर माझं लायसन्स ठेवेल का? मग तिकडच्या माणसाला ते का चालावं?

हे आधी होऊन गेलंय. बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ दरम्यान, जगभरातून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी असल्याचा अंदाज निघाला. कुणाची मुदत संपलेली, कुणाचं लेबल न वाचता येणारं. आधीच पोळलेल्या देशावर ते नष्ट करायचा खर्च वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच नियम काढले: रुग्णांकडून परत आलेली औषधं नकोत, सॅम्पल्स नकोत, पोचल्यावर साधारण वर्षभराची मुदत शिल्लक हवी. आपली पिशवी यातल्या पहिल्याच अटीला नापास.

खरा घोळ वेगळाच आहे. युद्ध म्हटलं की आपल्याला रक्त आणि पट्ट्या दिसतात. जखमींसाठी ते लागतंच. पण युक्रेनच्या आघाडीजवळच्या गावांत मागे राहिलेत ते बहुतेक म्हातारे. तरुण गेले, डॉक्टर गेले, मेडिकल बंद. एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) सारख्या मदत संस्थांची गाडी तिथे पोचते तेव्हा समोर येतात बीपी, शुगर, हृदयाचे रोगी. औषधं पोचवायला तिथे टपाल खात्याच्या गाड्यासुद्धा फिरत्या मेडिकलसारख्या वापरल्या जातात. बॉम्बमधून वाचलेली आजी गोळी बंद झाल्यामुळे लकव्याने जाऊ शकते. तिला हवी तीच गोळी, तोच डोस, दर महिन्याला. या महिन्यात माझ्या पिशवीतल्या टेल्मिसार्टनच्या सहा गोळ्या, पुढच्या महिन्यात कुणाची अॅम्लोडिपिन, असं करून कुणाचं बीपी ताब्यात येत नाही. तीस वर्षं काउंटरवर हेच समजावतोय आणि आपलीच माणसं ऐकत नाहीत, ते सोडा.

इन्सुलिनचं तर आणखी अवघड. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत हवी. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत घरी फ्रिज नसल्याने रुग्णांना इंजेक्शनसाठी दवाखान्यात खेटे घालावे लागत. एमएसएफ आणि जिनिव्हा विद्यापीठाने २०२१ मध्ये दाखवलं की २५ ते ३७ डिग्रीच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे काम देतं. म्हणजे बाटली घरी नेता येते. अशा कामाला पैसा लागतो, आपली रद्दी नाही.

म्यानमारच्या सीमेवर १९९८ पासून बॅकपॅक हेल्थ वर्कर टीम पाठीवर औषधं घेऊन पायी गावं फिरते. कार्यकर्ते त्याच भागातले. पाठीवर जेवढं मावेल तेवढंच नेता येतं, त्यामुळे मलेरिया, जुलाब, बाळंतपण यांना लागेल ते निवडूनच भरावं लागतं. सभेत कुणीतरी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतलं. जरूर घ्या. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, वय ३२. डोंगराळ भागात त्यांच्या आधी काम केलेल्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यूनने ऑपरेशनचं सामान खेचरांवर लादता येईल असं बांधून घेतलं होतं, कुठे काय ठेवायचं ते ठरवून. त्यात कुणाच्या घरातलं उरलंसुरलं कोंबलेलं नव्हतं.

आता नेहमीचा प्रश्न येईल, "पैसे दिले तर ते कुठे जातात कोण जाणे?" मग हिशेब मागा. एमएसएफसारख्या संस्था वार्षिक हिशेब छापतात. आपण गणपतीच्या वर्गणीवर, मंडपवाल्याच्या बिलावर वार्षिक सभेत तासभर भांडतो, तेवढीच चिकाटी इथे लावा. आणि परदेशात पैसे पाठवायचे कायदेशीर नियम आहेत, ते आपल्या सीएला विचारूनच करा. पुढच्या सभेत हा विषय घ्या, मी पहिला हजार रुपये ठेवतो. पिशव्या मात्र ज्याच्या त्याने घेऊन जा, माझ्या दुकानात जागा नाही.