मांडी घालून बसू नका म्हणे!

गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी केली. तयारी शून्य, हौस भरपूर. दुसऱ्या दिवसापासून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ठणका. दिवस निभायचा, पण रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की डोळ्यांत पाणी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या काकूंनी सायटिका ठरवून टाकली, जावेनं तेल दिलं, योगाच्या ग्रुपवर गुडघा छातीशी ओढून पाय ताणायचे व्हिडिओ आले. सगळं केलं. तीन आठवडे झोपूनही काढले. उठले तर पाय आणखीच कच्चा.

शेवटी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आरशासमोर दुखऱ्या पायावर उभं केलं. कमरेची डावी बाजू भसकन खाली! म्हणाल्या, "ताई, हे मणक्याचं नाही. कुल्ल्याचा स्नायू खुब्याच्या हाडाला ज्या दोरीसारख्या पट्ट्यानं धरतो, तो टेंडन दुखावलाय. ओढून ताणलं की तो हाडावर आणखी दाबला जातो." म्हणजे महिनाभर मी मनोभावे तेच करत होते.

मग बंदी आली. मांडी नाही, पायावर पाय नाही, रिक्षाची वाट बघत एका पायावर रेलणं नाही. झोपताना दोन गुडघ्यांत उशी. मार्गशीर्षातले गुरुवार स्टुलावर बसून केले. त्यावर घरात काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

व्यायाम मात्र रोज. आधी पडल्या पडल्या कंबर उचलणं, मग बाजूला पावलं टाकणं, मग पायरी. थोडं दुखलं तर चालतं, पण रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. महाकंटाळवाणं काम.

नणंदबाई म्हणाल्या, एक स्टेरॉइडचं इंजेक्शन घे, मोकळी हो. यावर ऑस्ट्रेलियात 204 जणांवर चाचणी झाली होती, 2018 साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी, बसण्या-उठण्याच्या सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे 77 टक्के लोकांना बराच आराम होता, इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे 58 टक्क्यांना. तरी आपल्याकडे फिजिओची फी म्हणजे चोचले! एमआरआयला पैसे काढताना कुणी कुरकुरत नाही, आणि "नुसता व्यायाम तर सांगतात" म्हणून तिसऱ्या खेपेला जाणं बंद. माझ्याच घरात हे झालंय, म्हणून बोलते.

यंदाच्या फेरीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, आधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दाखवा. परवा चढले. उतरताना खुबा जरा कुरकुरला. रात्री उशी विसरले नाही.