आर्ग्युमेंट म्हणजे फक्त भांडण? नाही बाप्पा

दोन दिवसांपासून आमच्या नागपूरच्या धरमपेठ ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की आर्ग्युमेंट म्हणजे भांडण, म्हणून इंटरव्ह्यूत हा शब्द वापरूच नका, त्याऐवजी डिस्कशन म्हणा. अर्धं खरं आहे, पण अर्धंच.

भांडण हा अर्थ आहेच, ना कोण म्हणते. पण मूळ लॅटिन क्रियापद आर्ग्युएरे, त्याचा अर्थ स्पष्ट करणं, सिद्ध करणं, आरोप ठेवणं. म्हणजे आपला युक्तिवाद. आता सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊन बघा, वकील रोज आर्ग्युमेंट करतात तर ते काय एकमेकांची कॉलर धरतात काय? १९७३ च्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ३१४ होतं, त्याच्या मथळ्यातच तोंडी आर्ग्युमेंट्स लिहिलेलं.

ओळखायचं कसं, तर सोबतचे शब्द बघा. 'हॅव ॲन आर्ग्युमेंट' म्हटलं की बहुतेक वेळा वाजलं समजा, 'मेक ॲन आर्ग्युमेंट' म्हटलं की मुद्दा मांडला. तसंच 'आर्ग्यू' च्या पुढे 'विथ' आलं तर कोणाशी तरी वाद, 'दॅट' किंवा 'फॉर' आलं तर बाजू मांडणं. इंटरव्ह्यूत 'माय आर्ग्युमेंट इज' बिनधास्त बोला, फक्त बॉसशी आर्ग्युमेंट झालं हे नका सांगू 😄

आणि गणितात तर भांडणाचा वासही नाही, तिथे फंक्शनला दिलेली किंमत म्हणजे आर्ग्युमेंट, कोडिंगवाले पोरंही तेच म्हणतात. तो मेसेज पुढे पाठवला असेल तर हेही पाठवा जी.