‘जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये साउंड सिस्टिम म्हणजे पैसे पाण्यात’ : हे म्हणणं का पटत नाही

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा मेसेज आला, "मामा, हे वाच, तुझ्यासाठीच लिहिलंय." खाली एक लांबलचक फॉरवर्ड होता. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तो इतका फिरलाय की आठवड्याभरात मला आणखी तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं : जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवी साउंड सिस्टिम बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. छप्पर उघडलं की काही ऐकू येत नाही, गाडीचं वजन वाढतं, तीस वर्षांचं वायरिंग जळतं, इंजिन हेच या गाड्यांचं खरं संगीत आहे, आणि मूळ रेडिओ काढला की गाडीची किंमत पडते.

माझ्याकडे इंग्लंडात 1991 सालची माझदा एमएक्स-5 आहे. पहिल्या पिढीची, वर उघडणाऱ्या हेडलाइटची, दोन सीटची. तिची सिस्टिम मी स्वतःच्या हाताने बसवली आहे आणि त्याआधी दुसऱ्या कुणीतरी केलेलं काम उचकटून काढलंय. त्यामुळे या फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्यावर मला बोलायचंय. त्यातली भीती अगदीच निराधार नाही, पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो वाचून लोक चांगली गाडी मुकी ठेवतात याचं वाईट वाटतं.

पहिला मुद्दा, छप्पर उघडलं की काही ऐकू येत नाही. वारा आणि टायर यांच्या आवाजाचा मोठा भाग खालच्या पट्टीतला असतो, म्हणून तो संगीतातली खालची पट्टी आधी गिळतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात, छप्पर उघडं ठेवून, तबल्याची साथ असलेलं कुठलंही गाणं लावून बघा. डग्ग्याचं घुमणं आधी जातं, मागोमाग तानपुरा विरतो, पण तबल्याची चाट शेवटपर्यंत कानावर येत राहते. इथे बरेच जण चुकीच्या दिशेने जातात. डग्गा गेला म्हणून ते डिकीत मोठा सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) आणि हजार वॅटचा अॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा अॅम्प्लिफायर, टाकतात. डिकी भरते, वारा मात्र तेवढाच राहतो.

खरा उपाय माझदाच्या लोकांना 1989 मध्येच कळला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि तिच्या सीटच्या हेडरेस्टमध्ये छोटे स्पीकर बसवून घ्यायची सोय होती. उशीत बसणारे ते स्पीकर कुणाला खेळणी वाटतील. पण हिशोब मांडून बघा. मोकळ्या हवेत स्पीकरपासूनचं अंतर निम्मं झालं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. दारातला स्पीकर कानापासून साधारण 80 सेंटिमीटरवर असतो, हेडरेस्टमधला 10 सेंटिमीटरवर. 80 चे 40, 40 चे 20, 20 चे 10, म्हणजे तीनदा निम्मं, म्हणजे 18 डेसिबल. तेवढीच वाढ नुसत्या ताकदीवर मिळवायची तर अॅम्पची ताकद 63 पट करावी लागेल. छप्पर उघड्या गाडीत अंतर हाच सगळ्यात स्वस्त अॅम्प आहे.

मी हेडरेस्टमधले जुने स्पीकर काढून तेवढ्याच मापाचे नवे घातले. प्रत्येक उशीत दोन असतात. स्पीकर विजेला किती अडथळा करतो ते ओहममध्ये मोजतात. 4 ओहमचे दोन समांतर जोडले तर 2 ओहम होतात, आणि बहुतेक रेडिओंच्या आतल्या अॅम्पला 4 च्या खाली जाणं सोसत नाही, तो तापतो आणि बंद पडतो. म्हणून 8 ओहमचे घ्यायचे, समांतर जोडले की बरोबर 4 होतात.

दारातले मूळ स्पीकर मात्र खरंच संपलेले होते. दाराचं कव्हर काढून स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या, कडेवरून बोट फिरवलं तर काळा भुगा हाताला लागला. कडेचा फोम सुटलेला, कोन एका बाजूला कलंडलेला. असे स्पीकर ऐकून "जुन्या गाडीत काही ऐकू येत नाही" म्हणणं म्हणजे फुटका डग्गा वाजवून तबलजीला नावं ठेवणं झालं. त्या जागी 6.5 इंची स्पीकर बसतो, पण खोली फार कमी मिळते. काच पूर्ण खाली करून मगच माप घ्यावं, नाहीतर मॅग्नेट काचेला लागतो आणि हे सगळं परत बसवून झाल्यावर कळतं. कोन कागदाचा नको, पॉलिप्रॉपिलिनचा हवा, कारण दाराच्या आतून पावसाचं पाणी वाहतं. ते तसं वाहायलाच हवं, म्हणून दाराच्या तळाची भोकं डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर शोषणाऱ्या चिकट पट्टीने) बुजवू नयेत. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी ती बुजवली होती आणि दार आतून गंजायला लागलं होतं.

स्पीकर घेताना खोक्यावरचे वॅट बघून घेऊ नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा आवाज देतो ते. 88 डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी 40 वॅट लागतात, तेवढ्यासाठी 91 च्या स्पीकरला 20 पुरतात. रेडिओच्या खोक्यावर "50 वॅट गुणिले 4" लिहिलेलं असतं ते क्षणभराच्या कमाल ताकदीचं. सलग मिळणारी ताकद वीस वॅटच्या आसपास असते.

आणि जोडताना प्लस-मायनस तपासाच. दोन दारांपैकी एकात उलटं जोडलं गेलं तर एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन हलकेच बाहेर येतो, डोळ्यांना दिसतो. माझ्या डाव्या दारातला आत गेला. फॅक्टरीच्या वायरचे रंग दोन्हीकडे सारखे होते, पण मध्ये कुणीतरी वायर कापून उलटी जोडलेली होती. ती सुलटी केली आणि एक पैसाही खर्च न होता डग्गा परत आला.

हे सगळं करूनही महामार्गावर छप्पर उघडं ठेवून बारकावे ऐकू येणार नाहीत, हे मी मान्य करतो. त्यासाठी आवाज चढवत नेऊही नये, कानांचं नुकसान होतं आणि मागून येणारी अॅम्ब्युलन्स ऐकू येत नाही. पण गाडी काही कायम महामार्गावर आणि कायम उघडी नसते. गावातले रस्ते असतात, सिग्नल असतात, आणि इथे तर छप्पर बंद करून पावसात बसण्याचे दिवसच जास्त.

दुसरा मुद्दा वजनाचा, तो लवकर संपतो. माझा अॅम्प, चारही जागचे स्पीकर, वायर आणि दोन्ही दारांतल्या शीट धरून दहा किलोंच्या आत भर पडली. या गाडीची टाकी 45 लिटरची आहे, भरलेल्या टाकीत जवळजवळ 34 किलो पेट्रोल असतं. अर्धी टाकी ठेवून निघालात तर सिस्टिमच्या वजनाची भरपाई होऊन वर काही किलो उरतात. वजनाची इतकी काळजी असलेल्या माणसाने टाकी काठोकाठ भरू नये.

तिसरा मुद्दा वायरिंगचा, आणि यातली भीती खरी आहे. गाड्या पेटतात, त्या साउंड सिस्टिमच्या कामातूनही पेटतात. पण त्या जुन्या आहेत म्हणून नव्हे, काम वाईट झालं म्हणून. मी गाडी घेतली तेव्हा डॅशबोर्डच्या मागे आधीच्या मालकाने एका दुकानातून करून घेतलेलं काम होतं. फॅक्टरीचे प्लग छाटून टाकलेले, वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक वितळून सगळं चिकट झालेलं. बॅटरीपासून अॅम्पपर्यंत आलेल्या जाड वायरला फ्यूजच नव्हता. ती वायर सीटच्या रुळावर घासून एका जागी तांबं दिसत होतं. तिथे शॉर्ट झाला असता तर बॅटरी सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतत राहिली असती, थांबवणारं काही नव्हतं.

म्हणून नियम एवढाच : बॅटरीतून निघणाऱ्या वायरला बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज, आणि फ्यूज वायरला सोसेल तेवढ्याचा. फ्यूज वायर वाचवायला असतो. या गाडीत तर निसर्गतःच सोय आहे, कारण वजनाचा तोल साधायला बॅटरी डिकीत ठेवलेली आहे, उजव्या बाजूला. अॅम्प तिच्या शेजारीच बसवला की वायर हातभरही लागत नाही आणि सबंध गाडीतून ओढत आणण्याचा प्रश्न मिटतो. फक्त अॅम्प तळाला टेकवू नका, फळीवर उचलून बसवा. मागच्या छपराच्या निचऱ्याच्या नळ्या पाल्याने तुंबतात आणि पाणी आत उतरतं.

"जुना अल्टरनेटर झेपत नाही" हेही त्याच मुद्द्यात आहे. बघू या. 50 वॅटचे चार चॅनेल, क्लास डी प्रकारचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा अॅम्प. पूर्ण ताकदीवर सलग चालला तरी साधारण 18 अँपिअर घेईल. पण संगीत सलग पूर्ण ताकदीचं कधीच नसतं, सरासरी त्याच्या एक अष्टमांशाच्या आसपास असते. म्हणजे अॅम्पचा स्वतःचा खर्च धरूनही प्रत्यक्षात तीन-चार अँपिअर. 55 वॅटचे दोन हेडलाइट लावले की आठ अँपिअर जातात. जी गाडी तीस वर्षं रात्रीचे दिवे लावून धावते, तिला हा अॅम्प जड नाही.

रेडिओतून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी "ऊंऽऽ" अशी शिटी येते तिचाही दोष लोक जुन्या अल्टरनेटरला देतात. बहुतेकदा दोष अर्थिंगचा, म्हणजे मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याचा असतो. रंगावरच स्क्रू मारलेला असतो. जागा घासून उघड्या पत्र्यापर्यंत न्या, स्क्रू घट्ट बसवा, सिग्नलची केबल बॅटरीच्या वायरच्या विरुद्ध बाजूने न्या. माझी शिटी एका पॉलिश पेपरच्या तुकड्याने गेली. फायबरग्लासच्या गाड्यांत मात्र बॉडीला अर्थ मिळतच नाही, वायर चासीपर्यंत (गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) किंवा थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावी लागते. आपल्याकडे गोव्याची सॅन स्टॉर्म ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. जुन्या कॉर्व्हेटची बॉडीही फायबरग्लासची, तिच्यात रेडिओ हवा असेल तर कंपनी इग्निशनवर धातूची झाकणं घालून द्यायची, नाहीतर ठिणगीची खरखर थेट रेडिओत यायची.

आणि जुनं आहे तसं ठेवलं की धोका टळतो, असंही नाही. 1990 च्या होंडा एनएसएक्समध्ये बोसची सिस्टिम आली, स्पीकरगणिक वेगळा अॅम्प असलेली. तीस वर्षांत त्या अॅम्पमधले कपॅसिटर गळतात आणि आवाज फुटतो. त्यांची दुरुस्ती करून घ्यावीच लागते. अशा गाडीत दारातला स्पीकर तेवढा बदलून चालत नाही, आख्खी साखळी समजून घ्यावी लागते.

चौथा मुद्दा, इंजिन हेच खरं संगीत. इंजिनाचा आवाज मलाही प्रिय आहे. या गाडीच्या प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांच्या चमूने एक्झॉस्टच्या आवाजावर मुद्दाम मेहनत घेतली होती, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ती ऐकू येते. पण त्याच माणसांच्या हाताखालून हेडरेस्टमधले स्पीकरही आले. त्यांना दोन्ही हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. पाऊस लागला, छप्पर ओढून घेतलं, आणि रांगेत तासभर अडकलो. आईने अभंग लावायला सांगितला. दोन ओळी झाल्यावर म्हणाली, "टाळ ऐकू येतायत रे." त्या तासभरात एक्झॉस्टला काही बोलायचं नव्हतं.

शेवटचा मुद्दा किमतीचा. मूळ रेडिओ फेकून दिला, दार कापलं, डॅशबोर्ड छाटला तर किंमत पडते, आणि पडावीच. पण बदल आणि तोडफोड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोर्शने 2020 मध्ये स्वतःच्या जुन्या 911 गाड्यांसाठी मूळ खाचेत बसणारा नवा रेडिओ बाजारात आणला, जुन्या रूपाचा, आत नॅव्हिगेशन आणि ब्लूटूथ. मूळपणाबद्दल सगळ्यात काटेकोर असलेल्या गाडीच्या कंपनीलाच यात वावगं वाटलं नाही.

माझ्या गाडीत एकही नवं भोक नाही. दारातले स्पीकर मूळ स्क्रूंच्या जागी प्लॅस्टिकच्या रिंगवर बसलेत. छाटलेल्या प्लगच्या जागी मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले मूळ प्लग लावले, आणि नवा रेडिओ त्यांना अॅडॉप्टरने जोडला. दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओढायला एक अख्खी दुपार गेली, सायकलच्या ब्रेकची तार आणि भांडी घासायचा साबण वापरून, कारण नळी कापायची नव्हती. विमा कंपनीला बदल कळवला, इथे तो कळवावाच लागतो. मूळ रेडिओ, त्याची पट्टी आणि दारांच्या मूळ जाळ्या माळ्यावर एका खोक्यात आहेत, प्रत्येक स्क्रूच्या पिशवीवर चिठ्ठी लावून. एकदा सगळं परत बसवूनही बघितलं. सकाळी नऊला सुरुवात केली, चारच्या चहाआधी गाडी 1991 सालची झाली होती.